तीनदा निथळलेले मूग

फार फार वर्षांपूर्वी एका भरल्या राजवाड्यात एका मुलीची उपासमार चालली होती, आणि ती करणारेच देवापुढे हात जोडून तिच्यासाठी आयुष्य मागत होते!

राजकन्येचा ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. घास चावतानाही ती दमे. थोरला आचारी रोज तिच्यासाठी मूग शिजवी, भाज्या उकडी, हाडांसकट मांस रटरटवी. मग सगळं तीनदा निथळून पाणी मोरीकडे पाठवी. राजाच्या ताटात पातळ काही वाढायचं नाही, अशी तिथली रीत. पातळ म्हणजे गरिबी! राजकन्या कोरडे मूग चघळी आणि थुंकून टाकी. आचाऱ्यानं तिला कडेवर खेळवलं होतं. तिच्या काटकुळ्या हातांकडे त्याला बघवेना.

त्या मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईची म्हातारी सासू त्याच तापानं अंथरुणाला खिळली होती. एवढ्यात गेलीच असेल, असं समजून आचारी समाचाराला गेला. पाहतो तर म्हातारी अंगणात उखळापाशी उभी, हातात मुसळ!

"आजी, तुम्ही जिवंत?"

"का रे बाबा, तुझी हरकत आहे?"

"खाता तरी काय?"

"खायला दात कुठायत? तू मूग निथळतोस, हाडं उकळतोस, ते पाणी सून मोरीत जाऊ देत नाही. जिरं-लसणाची फोडणी देते, मीठ घालते. दोन्ही वेळा वाटीभर पिते मी."

आचाऱ्याला उमगलं. महिनाभर तो राजकन्येला चोथा वाढत होता. सगळं सत्त्व त्यानं स्वतःच्या हातानं ओतून दिलं होतं.

त्याच दुपारी तो कढणाची वाटी घेऊन राजकन्येपुढे उभा राहिला. राजा ओरडला, "पाणी पाजतोस माझ्या लेकीला?"

"नाही, महाराज. पहिल्यांदाच जेवण आणलंय."

राजकन्येनं वाटी तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली. म्हणाली, "अजून आहे?"

महिन्यात प्रथमच तिनं काही मागितलं होतं.

पंधरवड्यात ती चालू लागली. जुनी रीत मोडली. भात हाडांच्या रश्श्यात शिजू लागला, कणीक भाज्यांच्या पाण्यात मळली जाऊ लागली. थेंबही वाया जाईना.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: खोट्या प्रतिष्ठेपायी माणूस कस फेकतो आणि चोथा जपतो.

राजानं म्हातारीला दरबारात बोलावून शाल पांघरवली. सगळ्यांनी जयजयकार केला. मागं उभी असलेली तिची सून तेवढी पुढं आली. ती म्हणाली, "शाल चांगली आहे, महाराज. पण आता मोरीकडे काहीच येत नाही. आम्ही काय प्यायचं?"