सॉरीचं मूळ

“...पण भन्ते, मी बाबांना सॉरी म्हटलं होतं ना! मग हे अजून मिटत कसं नाही?”

डॉ. सुगत रामटेके पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. विहाराच्या पायरीवर बसून म्हातारे भन्ते चिवराचा उसवलेला काठ शिवत होते. दुपार ढगाळ होती. समोरचा तलाव राखेसारखा पडून होता.

सुगत इंग्रजीचे प्राध्यापक. कोणता शब्द कुठून आला, यावर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिलेली. वडील केवळराम रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. मागच्या हिवाळ्यात गेले.

भन्तेंनी दोरा दातानं तोडला, सुईत नवा ओवला.

“सॉरी म्हणजे काय?”

सुगत सावरून बसले. हा प्रांत त्यांचा.

“लोकांना वाटतं, ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्यातून तो आला. चूक आहे. तो आला ‘सोअर’मधून. सोअर म्हणजे दुखरं, ठणकणारं. जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय, तो. पुढं अर्थ पातळ होत गेला. आता धक्का लागला तरी सॉरी, राँग नंबर लागला तरी सॉरी.”

“वडिलांना म्हणालात, तो यातला कोणता?”

सुगत तलावाकडे बघू लागले...

“झालं काय होतं?”

“माझा सत्कार होता. आयोजकांनी बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, मराठीतच बोलतील. पण त्यांनी इंग्रजीत एक वाक्य पाठ करून आणलं होतं. कितीतरी दिवस आरशासमोर घोकत होते, हे आईनं नंतर सांगितलं. ते चुकलं. मी माझ्या माइकवरून दुरुस्त केलं. सगळं सभागृह हसलं.”

“तुम्ही?”

“...मीही.”

सुई थांबली होती.

“बाबा मुकाट्यानं खाली जाऊन बसले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी इंग्रजी शब्द काढला नाही. जन्म रेल्वेत गेला, पण स्टेशनला स्टेशन म्हणेनात. ‘गाडी थांबते तिथं’ म्हणायचे. मग एकदा फोनवर मी सॉरी म्हटलं. ‘असू दे रे’ म्हणाले. महिनाभरात गेलेच.”

“ते वाक्य म्हणा.”

सुगतनी घसा साफ केला.

“माय सन हॅज मेड मी अ प्राउड मॅन.”

भन्तेंना बेताचं इंग्रजी येत होतं.

“यात हसण्यासारखं काय होतं?”

सुगतचा चेहरा पडला. वाक्य त्यांनी आत्ताही दुरुस्त करूनच म्हटलं होतं.

“ते म्हणाले, तसं म्हणा.”

ओठ हलले. आवाज फुटेना. वर्गात, सभेत, परदेशात कधी न अडखळलेली जीभ टाळ्याला चिकटून बसली.

भन्तेंनी चिवर बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ते कष्टानं उठले आणि हात जोडून उभे राहिले. सभेत कुणी मोठा माणूस बोलायला उठला की आपण राहतो, तसे.

“माय सन...”

भन्ते ऐकत होते.

“माय सन मेक मी... मेक मी प्राउड मॅन.”

ते म्हणता म्हणता सुगतना बाबांचा धुऊन कडक इस्त्री केलेला सदरा दिसला. वाक्य संपताच आपल्याकडे वळलेली त्यांची नजर दिसली. ती नजर दुरुस्तीसाठी वळलेली नव्हती...

छातीवर मूठ दाबून ते पायरीवर वाकले. इतका मोठा माणूस, पण रडणं लेकरासारखं होतं. भन्तेंनी त्यांना हात लावला नाही. उभेच राहिले.

बऱ्याच वेळानं सुगतनी मान वर केली.

“फार दुखतंय, भन्ते. हे थांबेल ना?”

“थांबेल त्या दिवशी परत या.”