आढ्याची तिसरी गाठ

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत वेळूगड नावाचं एवढंसं राज्य होतं. एवढंसं म्हणजे किती? सकाळी चालायला निघालं, की जेवणाच्या वेळेला राज्य संपलं! नदीपलीकडच्या बादशहाने ते गिळलं होतं. लोक सात वर्षं लढले, पण सुटका काही होईना.

मग समुद्रापलीकडून तोरबान सेनापती मदतीला आला. मोठी फौज, मोठ्या मिशा. त्याने बादशहाला नदीपार हाकललं. लोकांना काय आनंद झाला म्हणता!

आता तिथली रीत ऐका, बरं का. घर असो की वेस, छप्पर शाकारलं, की आढ्याची शेवटची गाठ मालकाने बांधायची. गाठ ज्याची, दार त्याचंच ऐकणार.

लढाईत जळलेली वेस लोकांनी पुन्हा बांधली. माणसं भारी भिडस्त. म्हणाली, "सेनापती, गाठीचा मान तुमचा." झालं! वेशीचं दार तोरबानचंच ऐकू लागलं. मग टेहळणीचा मनोरा बांधला. तिथेही मान त्यालाच. भीड भिकेची बहीण, दुसरं काय! आता स्वतःच्या शेतावर जायलाही लोकांना त्याला विचारावं लागे.

मग राजसभेचं घर उभं राहिलं. तोरबान आपणहून शिडी चढला. ही गाठ पडली, की राज्यच त्याचं. भिडस्त लोकांनी शिडीच धरली. उपकार करणाऱ्याला नको कसं म्हणायचं?

तेवढ्यात सुंभ वळणारी म्हातारी आवडाबाई म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

"का गं म्हातारे?"

"परक्या घरची पहिली गाठ बांधली, की आपलं दार अडतं म्हणतात. दुसरी बांधली, की छप्पर गळतं."

तोरबानचा हात थांबला. बायकोची दोन पत्रं आली होती. पहिल्यात लिहिलं होतं, दार उघडत नाही. दुसऱ्यात, घरभर पाणी गळतंय. आणि हा वेडा ती वाचून हसला होता!

"आणि तिसरी बांधली की?"

"मग घर आपल्याला ओळखत नाही."

तो खाली उतरला. आधीच्या दोन्ही गाठी त्याने स्वतःच सोडल्या आणि फौज घेऊन घरी गेला.

मग लोकांनी तिन्ही गाठी आपल्या हातांनी बांधल्या. फौज गेल्याचं कळताच बादशहा आला की धावत! "दार उघड!"

दार म्हणालं, "थांबा. आतल्यांना विचारावं लागेल."

आतले सगळे मिळून म्हणाले, "नाही!" पहिल्यांदाच 'नाही' म्हणाले बरं का, न लाजता. बादशहा तीन दिवस वेशीबाहेर बसला, कंटाळला आणि गेला. वेळूगडची माणसं सुखाने राहिली.

चला, मिटा आता डोळे. ते मात्र ज्याचे त्यानेच मिटायचे, मी मिटून देणार नाही.