गेणबा मागे वळत नाही

रानातून चालताना मागून कुणी हाक मारली, तर तुम्ही काय करता? वळून बघता ना? गेणबा बघत नसे. त्याचं काय झालं ते ऐका.

एका गावात हा गेणबा नावाचा भोळा माणूस राहायचा. सांगाल ते ऐकायचा आणि ऐकलं ते करायचा. एकदा त्याची बायको सगुणा म्हणाली, "सांज झाली, कोंबड्या झाकून ठेवा." गेणबाने पेटीतून तिच्या लग्नातला शालू काढला आणि सगळ्या कोंबड्या नीट झाकल्या. सकाळी शालू बघून सगुणाने बोचकं बांधलं. ती माहेरी निघून गेली.

मग सासऱ्यांचा निरोप आला. "पोरीला घेऊन जा. पण या खेपेला ती धड घरी पोचली नाही, तर कायमची माझ्याकडे राहील."

गेणबाला सगुणाशिवाय करमत नव्हतं. तो लगेच निघाला. वाट आधी दाट रानातून, मग उघड्या माळावरून, तिथल्या पडक्या गढीला वळसा घालून जायची. आई म्हणाली, "रानात चकवा असतो. माणसाच्या आवाजात मागून हाक मारतो आणि वाट चुकवतो. हाक आली तर वळू नकोस, ओ देऊ नकोस."

"बरं. लक्षात ठेवतो," गेणबा म्हणाला. आणि त्याच्या लक्षात राहायचंही. तीच तर पंचाईत होती.

रानाच्या तोंडाशी मागून हाक आली. "गेणबा, अरे शिदोरी राहिली."

गेणबाने पाय उचलले. हाक आणखी जोरात आली. तो पळत सुटला. शेवटी आईने धापा टाकत त्याच्या धोतराचा सोगा धरला.

"अरे, मी तुझी आई."

"मग आधी सांगायचं."

"नाव घेऊन तर हाका मारत होते. चकव्याला तुझं नाव कुठून ठाऊक? जो नाव घेईल त्याला ओ द्यायची. जो नुसतं अरे-अहो करील त्याच्याकडे बघायचं नाही."

"बरं. लक्षात ठेवतो."

माळावर गढीच्या सावलीत त्याने शिदोरी सोडली. कांदा फोडायला दगड हवा होता. बुरुजातला एक सैल दिसला, तो त्याने ओढला. वरचे चारपाच गडगडत खाली आले. गढीचा म्हातारा राखणदार काठी टेकत धावत आला.

"गड्या, माझ्या पणजोबाच्या आधीपासून उभी आहे ही गढी. एका कांद्यापायी पाडतोस होय? जुनं दिसलं की हात लावू नये. लांबून बघावं, हात जोडावे आणि पुढं व्हावं."

"बरं. लक्षात ठेवतो."

सासरवाडीला पोचला, तर आजेसासूबाई पायरीवर बसलेल्या. गुडघे धरले होते. हात पुढे करून म्हणाल्या, "जावईबापू, जरा उठवता का?"

गेणबा चार पावलं मागे सरला. लांबून बघितलं. हात जोडले. आणि पुढे झाला.

सासरे बाहेर आले. "अहो, म्हातारीला हात का दिला नाहीत?"

"जुन्या आहेत. ढासळल्या तर?"

सगुणा पदराआड हसली. मग शालू आठवला, तशी गप्प झाली.

सासरे म्हणाले, "जावईबापू, म्हातारं माणूस हात पुढे करील तर तो धरावा. नको म्हणालं तरी उचलून झाडाच्या सावलीत नेऊन बसवावं."

"बरं. लक्षात ठेवतो."

जेवणं झाली आणि दोघं निघाली. गेणबा खांद्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन पुढे, सगुणा मागे. गढीपाशी राखणदाराने हात पुढे केला. "गड्या, चिमूटभर तंबाखू आहे का?"

गेणबाने त्याला उचललं. माळावर झाड एकच होतं, आणि ते लांब होतं. म्हातारा पाय झाडत राहिला, गेणबा चालत राहिला. झाडाखाली टेकवल्यावर म्हातारा म्हणाला, "आता इथून सुट. घर येईपर्यंत कुठंही थांबू नकोस."

"बरं. लक्षात ठेवतो."

रानात शिरल्यावर सगुणाच्या पायात काटा मोडला. ती खाली बसली. "अहो, थांबा जरा."

गेणबाने कान दिला. नाव काही आलं नाही.

"अहो, ऐकलं का? काटा मोडलाय."

आवाज हुबेहूब सगुणाचा. गेणबा मनात म्हणाला, चकवा चांगलाच तयारीचा आहे. आता नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. सगुणा अहो, अहो करत राहिली आणि गेणबा झपाझप चालत राहिला.

त्याच रानात धनगराच्या शेळ्या चरत होत्या. एकीला गाठोड्यातल्या भाकरीचा वास आला. ती गेणबाच्या मागे लागली. गळ्यातली घंटी किणकिणत होती. गेणबाला वाटलं, सगुणाचे पैंजण.

"घाबरू नकोस," तो न वळता म्हणाला. "मी आहे. तू मुकाट्याने ये."

ती मुकाट्याने आली.

दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. "सूनबाई कुठे आहे?"

"ही काय, माझ्या मागे."

आई त्याच्या पाठीमागे गेली. शेळीने तिच्या हातातला भाकरतुकडा कचाकच खाल्ला.

"खाऊ दे," गेणबा म्हणाला. "लांबून चालत आली आहे."

"अरे, मागे वळ."

"नाव घेतल्याशिवाय वळायचं नाही."

"गेणबा, वळ."

गेणबा वळला. समोर शेळी. मग उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, आता ती कायमची माहेरी." रात्री तो जेवला नाही. कोंबड्याही आईनेच झाकल्या, वेताच्या डालग्याखाली.

धनगराच्या बिऱ्हाडी रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा लंगडत आली, मागे शेळी न्यायला धनगर होता. तिने दारात उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली, आणि गेणबाने ओ दिली.