ओव्हनच्या दाराचं रबर आणि नवा दिवा

फार जुनी नव्हे, भिंतीवरची चार-पाच कॅलेंडरं बदलली असतील, तेव्हाची गोष्ट. कुमुदिनीबाईंचं शुक्रवारचं व्रत पुरं होत आलं होतं. उद्यापनाला घरची नानकटाई वाटायची, असं त्यांच्या मनात होतं. पण ओव्हनमध्ये दाराकडची नानकटाई दर वेळी कच्चीच राहायची.

"ही कॉइलच कामचुकार," दाराचं म्हातारं रबर म्हणायचं. "मागे तापते आणि पुढे आळस करते."

"आजोबा, मी सगळीकडे सारखीच तापते हो," कॉइल म्हणायची. पण आतला दिवा गेलेला. अंधारात तिचं कोण खरं मानणार? जाळीसुद्धा तिच्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी बाईंनी नवी कॉइल आणि नवा दिवा आणला. आधी दिवा बसवला आणि दार लावलं.

"आला चहाडखोर!" रबर कुजबुजलं.

"मी काही बोलत नाही, आजोबा. मी नुसता पेटतो."

दिवा पेटला, आणि उजेडाची बारीक रेघ दाराच्या कोपऱ्यातून बाहेर जाताना रबरानं पाहिली. तिथे ते स्वतःच फाटलं होतं. ऊब तिथूनच निसटत होती.

बाईंनी प्लग काढला, दार उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर कॉइलच्या स्क्रूला लावला. तेव्हा रबरानं दाराला धरून ठेवणारा आपला एक आकडा सोडला, मग दुसरा, आणि फाटकं टोक बाईंच्या हातावर लोंबू दिलं.

"अहो आजोबा, धरा ना! तुम्हाला काढतील!" कॉइल कळवळली.

"काढू देत, पोरी. फार बोल लावले तुला."

बाईंनी ते टोक बोटांनी चाचपलं, आणि नव्या कॉइलचा खोका न उघडताच बाजूला ठेवला.