नव्या किल्लीची ओळख

"दात जुळले म्हणून काय घरची झाली? चोरटीच दिसते!" जुन्या मोटारीतला चोरगजर इंजिनाशी कुजबुजला. नव्या किल्लीने ते ऐकलं.

वस्तू बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. जुनी किल्ली मोडायला आली, म्हणून तिच्याच दातांवरून ही घडवली होती. पण ही फिरली की गजर कोकलायचा आणि इंजिन बंद पडायचं. मेकॅनिकने बॅटरी बदलली, फ्यूज पाहिले. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "उद्या हिला भंगारात टाका."

"मी आहेच की मरेपर्यंत राबायला," जुनी किल्ली खुंटीवरून कण्हली.

रोजच्या कोकलण्याने दमलेली नवी किल्ली तेव्हा जुनीला मोठ्याने म्हणाली, "आत्याबाई, आधी तुम्ही फिरायचं, पाठोपाठ मी, म्हणजे गजरभावजींना नवीची ओळख पटते. आणलंत तुम्हीच मला. ओळख तेवढी करून द्यायची राहिली."