सबनीसांची शेळी

“...पण बुवा, कागद फाडून मन शांत कसं होईल, एवढं एकदा सांगा ना!”

“गोळी घेतलीस का?”

“घेतली.”

“मग फाड.”

दिनकर सबनीस साखर कारखान्यातून मुख्य केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. कारण समजल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात साधा चमचाही ढवळला नव्हता. आणि समोर बसले होते टेकडीवरच्या मठातले म्हातारे केवलबुवा. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

मठात कुणी डोक्याचा ताप घेऊन आलं की बुवा त्याच्यापुढे एक पुठ्ठा, वाटीभर मैद्याची खळ आणि कागदांचा ढीग ठेवत. फाड, चिकटव, चित्र कर. शहरात याला कोलाज म्हणतात. बुवा चिकटकाम म्हणत.

कागदांना तोटा नव्हता. देवाचं चित्र असलेला कागद कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, म्हणून आसपासच्या गावांतले लोक जुन्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं मठातल्या पिंपळाखाली आणून ठेवत.

सबनीसही त्याचसाठी आले होते. त्यांच्या पिशवीतल्या पत्रिका मात्र जुन्या नव्हत्या, वाटायच्याच राहिलेल्या होत्या. लग्न तोंडावर आलेलं असताना त्यांच्या मुलीनं, केतकीनं, नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नव्हता.

सबनीसांची झोप उडाली. बसल्या जागी छाती धडधडू लागे. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी धडधड कमी झाली, राग होता तिथेच राहिला. आणि उद्या सकाळी केतकी नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती.

पिशवी पिंपळाखाली ठेवून ते गुपचूप निघाले होते. बुवांनी हाक मारली.

“आणल्यास ना? मग तूच फाड.”

सकाळपासून सबनीस फाडत होते. आणि विचारत होते.

“कात्री मिळेल का?”

“नाही.”

“पट्टी?”

“नाही.”

“निदान काय चित्र करायचंय ते तरी ठरवू द्या.”

“ठरवूनच तर इथवर आलास.”

सबनीसांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मठातली शेळी, चंद्री, जवळ येऊन पिशवी हुंगू लागली. सबनीसांनी तिच्यावरच डाफरून घेतलं.

“बुवा, मी काही बालवाडीतलं पोर नाही.”

“नाहीस. ते एव्हाना चिकटवायला लागलं असतं.”

...

दुपार झाली. पुठ्ठा कोराच. सबनीसांच्या डाव्या हाताला मात्र एक नीटनेटका गठ्ठा तयार झाला होता, कडेला कडा लावलेला.

“हे काय?” बुवांनी विचारलं.

“गणपती आहेत पत्रिकेवरचे. देव फाडायचा नसतो. तेवढा भाग जपून वेगळा काढलाय.” आवाजात थोडी ऐट होती. निदान एक काम तरी शिस्तीत झालं होतं.

बुवांनी गठ्ठा उचलला. पत्ते उलटावेत तसे कागद उलटत राहिले. प्रत्येक तुकड्यावर वर गणपती, आणि त्याच्या खाली, ठसठशीत सोनेरी अक्षरांत, सौ. व श्री. दिनकर सबनीस.

“यात देव किती आणि तू किती?”

सबनीसांनी वरचा तुकडा परत घेऊन डोळ्यांजवळ धरला.

“पोरगी कुठं आहे?”

सबनीसांनी मान वळवली. उजवीकडे फाटक्या कागदांचा ढीग होता. त्यांनी त्यात हात घातला. एका तुकड्यावर ‘केत’ होतं. ‘की’ कुठं गेलं ते सापडेना. दुसरा तुकडा घेतला. तोही नावातूनच फाटलेला. तिसरा... चौथा... स्वतःच्या नावाखाली जपून फाडत गेले होते ते, आणि दर वेळी चीर तिच्या नावातून गेली होती.

“माझं लक्षच नव्हतं...”

बुवांनी खळीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

“ती नाही म्हणाली ना, तेव्हा मी काय विचारलं ठाऊक आहे? लोकांना आता काय सांगू, असं विचारलं. तिला काय झालं, हे विचारलंच नाही मी. अजूनही नाही विचारलं!” भयंकर लाज वाटत होती त्यांना. “बाप आहे मी तिचा...”

“मला काय सांगतोस?” बुवा खेकसले. “खळ सुकायला लागली.”

...

मग सबनीसांनी काही विचारलं नाही.

गणपती तेवढे त्यांनी अलगद वेगळे करून पिंपळाच्या ढोलीत ठेवले. आपलं नाव असलेले कागद टराटरा फाडले. बोटं खळीत बुडवली. लाल तुकडा, त्यावर तिरका पिवळा. तो आवडला नाही, काढला, दुसरा लावला. खळ मनगटापर्यंत आली. नाक खाजवलं, तर नाकालाही लागली. बुवांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी यांचं लक्ष नव्हतं.

छातीचं काय चाललंय, हेही पाहायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

उन्हं कलली तेव्हा पुठ्ठ्यावर एक शेळी उभी होती. लालभडक, सोनेरी पोटाची, एक कान मोठा आणि एक लहान. शिस्तीच्या माणसानं केलेली वाटत नव्हती.

“शेळी का?” या वेळी बुवांनी विचारलं.

“कारण असं काही...” सबनीस अडखळले. “केतकी तिसरीत असताना तिला शेळी पाळायची होती. मी म्हटलं, फ्लॅटमध्ये शेळी पाळतात का, वेडे? रडली होती खूप. आज इतक्या वर्षांनी आठवलं.”

“हं.”

“आज घरी गेल्यावर तिला दाखवेन म्हणतो. बोलायला जमलं नाही, तरी दाखवेन.”

चौथा पाय तेवढा लावायचा राहिला होता. त्याचा तुकडा खळ लावून बाजूला ठेवला होता. सबनीस नळावर हात धुऊन आले आणि जागीच थांबले.

चंद्री चघळत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल कागदाचं टोक आत गेलं. मग तिनं वाटीत तोंड घालून उरलीसुरली खळही चाटून साफ केली.

“बुवा! तुमच्या शेळीनं माझ्या शेळीचा पाय खाल्ला!”

“मैदा आवडतो तिला.”

“अहो, आवडतो काय! दिवसभर राबलोय मी! बांधून ठेवता येत नाही का तिला? हट्! हट् म्हणतो ना!” सबनीस चंद्रीच्या मागे पिंपळाभोवती धावले. धोतराचा सोगा सावरत बुवा बाजूला झाले. दुसऱ्या फेरीला सबनीसांना धाप लागली, पारावर टेकले, आणि कुणास ठाऊक कसं, त्यांना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं होतं, थांबता थांबेना. डोळ्यांत पाणी आलं.

मग पुठ्ठ्याकडे पाहून चेहरा पुन्हा पडला.

“थोडी खळ करून द्या, बुवा.”

“मैदा संपला. उद्या ये.”

“उद्या ती जाणार आहे! सकाळी गाडी आहे तिची!”

“मग आत्ता जा.”

“अहो, पण तीन पायांची शेळी... अशी लंगडी घरी कशी नेऊ?”

बुवांनी रिकामी वाटी उचलली आणि आत निघाले. उंबऱ्यात थांबून, मागे न वळता म्हणाले,

“उचलून ने.”