काठी आणि ॲक्सल

साखर कारखान्याचे अध्यक्ष रणधीरराव इनामदार आजोबांची शिकारीची जीप घेऊन बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात आले. हातात आजोबांची काठी आणि सोबत पदरचा पैलवान होता.

“मिस्त्री, तिप्पट ताकदीचं नवं इंजिन बसव. गिअरबॉक्स, ॲक्सल मात्र आजोबांचेच राहू देत. घराण्याची आठवण आहे ती.”

“साहेब, एवढा जोर चाकं फिरवणारा जुना ॲक्सल पेलायचा नाही. घाटात पिळवटून तुटेल.”

“तुटला तर तुझं काम खोटं! गॅरेजला टाळं ठोकीन.”

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रावांचा ड्रायव्हर मिस्त्रींचाच सख्खा धाकटा भाऊ होता. तरी त्यांनी आवाज चढू दिला नाही.

“बसवतो. आधी तुमच्या हातातली आजोबांची काठी पैलवानाला द्या. त्यानं पिळूनही ती टिकली, तर ॲक्सलही टिकेल.”

पैलवानाने हात पुढे करताच रावांनी काठी छातीशी धरली. “खुळा की काय! मोडेल ना!”

“लाकडासाठी एवढा जीव तुटतो, साहेब? घाटात जीप माझा भाऊ चालवणार आहे. त्याला छातीशी कोण धरणार?”

रावांची मान खाली गेली. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आणि ॲक्सलही नवे बसले. जुना ॲक्सल आता रावांच्या दिवाणखान्यात, काठीशेजारी उभा असतो.